नावंच चालू आहेत अजून

“सुरू झालं का रे?” आई स्वयंपाकघरातून विचारायची.

“नाही गं, नावंच चालू आहेत अजून,” मी बाहेरच्या खोलीतून ओरडून सांगायचो.

तेवढ्यात तव्यावरची शेवटची पोळी उतरायची, गॅस बंद व्हायचा आणि पदराला हात पुसत आई येऊन दाराच्या चौकटीला टेकायची. ती टेकायला आणि गाणं संपायला एक गाठ पडायची. हे इतक्या वेळा इतकं नेमकं जमायचं, की गाणं आमच्या स्वयंपाकघराचं माप घेऊनच बेतलंय असं मला वाटायचं.

टीव्हीवरच्या मालिकेच्या सुरुवातीचं ते गाणं, पण आमच्या घरात त्याला कुणी गाणं म्हणत नसे. ‘शीर्षकगीत’ हा शब्द तर मी फार उशिरा ऐकला. आम्ही म्हणायचो ‘नावं’. नावं लागली, नावं चालू आहेत, नावं संपली. आणि आजोबा ती नावं खरोखर वाचायचे, तीही मोठ्यानं. अक्षरं दाखवतात म्हणजे ती वाचायला दाखवतात, एवढा साधा हिशेब. चष्मा कपाळावरून नाकावर यायचा आणि सुरू व्हायचं: नेपथ्य अमुक, संकलन तमुक, ध्वनिमुद्रण, वेशभूषा, निर्मितीसाहाय्य. मधूनच आडनावावरून “हा आपल्या वाई-साताऱ्याकडचा दिसतो” अशी अटकळ. शाळेपेक्षा जास्त जोडाक्षरं मी त्या पाट्यांवर शिकलो. नेपथ्य म्हणजे काय, असं एकदा विचारलं तर आजोबा म्हणाले, “ती मागची भिंत आहे ना, ती खरी नाही. कुणीतरी उभी केलीय. त्याचं नाव.”

हे सगळं आठवायला कारण घडलं मागच्या हिवाळ्यात. एका नाट्यगृहात जुन्या मालिकांच्या शीर्षकगीतांचा कार्यक्रम होता. तिकीट चारशे रुपये, नाट्यगृह भरलेलं, बहुतेक डोकी पांढरी किंवा रंगवलेली. निवेदक ‘सोनेरी दिवस’, ‘ती रम्य संध्याकाळ’ असं दर दोन गाण्यांमागे म्हणत होता. ‘गोट्या’चं गाणं सुरू झालं तशा माझ्या शेजारच्या काकू पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत गायल्या, मांडीवर बोटांनी ठेका धरून. गाणं संपल्यावर डोळे पुसत मला म्हणाल्या, “अहो, किती वर्षांनी! कुणी लिहिलंय हो हे?”

मला माहीत होतं म्हणून मी सांगितलं. पण निवेदकानं सांगितलं नव्हतं. त्याआधीच्या सहा गाण्यांचंही सांगितलं नव्हतं. मध्यंतरात मी माहितीपत्रक उघडलं. आर्टपेपर, रंगीत छपाई. गाण्यांची यादी होती, प्रत्येकासमोर मालिकेचं नाव होतं. आजच्या गायक-वादकांचे फोटो होते. एक बिल्डर, एक सराफी पेढी, एक मसालेवाले आणि जेवणाची व्यवस्था पाहणारे, अशी प्रायोजकांची नावं ठळक होती. गीतकाराचं एकही नाव नव्हतं. संगीतकाराचंही नाही.

कार्यक्रमानंतर आयोजकांना गाठलं. गृहस्थ सज्जन होते, घाईत होते, तरी थांबले.

“साहेब, लोकांना गाणं हवं असतं. नावं कोण वाचतं?”

“प्रायोजकांची छापलीत ना?”

“ती छापायचे पैसे मिळतात,” ते हसून म्हणाले.

उत्तर प्रामाणिक होतं, आणि माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण ज्या गाण्यांना आपण आज बालपण म्हणून कवटाळतो, ती गाणी जन्माला आली तीच नावांसाठी. पडद्यावर लेखकाचं, दिग्दर्शकाचं, कॅमेरामनचं, भिंत उभी करणाऱ्याचं नाव येत असताना प्रेक्षकानं उठून जाऊ नये म्हणून त्याच्या कानाला काहीतरी द्यायचं, हे त्या गाण्याचं मूळ काम. नावं जितकी, तितकं गाणं लांब. आमच्या घरातला शब्द बरोबरच होता म्हणायचा. आता झालंय असं, की नावांसाठी केलेलं गाणं उरलं आणि नावं गेली. पत्रावळ जपून ठेवावी आणि वर काय वाढलं होतं ते विसरावं, तसं.

आठवणींचा हा जो सध्या धंदा चालू आहे, त्याबद्दल माझी तक्रार एवढी एकच आहे. गाणी पुन्हा गायची, जरूर गायची. पण ती ज्यांनी केली त्यांची नावं घेतल्याशिवाय गायची असतील, तर ते गाणं आपल्याला काही देत नाही. डोळ्यांत पाणी आणतं, आणि घरी पाठवतं.

आता माझ्या विरुद्ध जाणारी गोष्ट मीच आधी सांगून टाकतो. ही गाणी इतकी पाठ का झाली? चांगली होती म्हणून? काही अंशी. पण खरं कारण असं, की दुसरं काही नव्हतं. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि पुढची वीस वर्षं बहुतेक मराठी घरांत टीव्ही म्हणजे दूरदर्शनच. रविवारी सकाळी ‘महाभारत’ लागलं की अख्ख्या वाड्याला महेंद्र कपूर ऐकावेच लागत, आवडो न आवडो. नंतर 1999 मध्ये अल्फा मराठी आली, रोजच्या मालिका आल्या, तेव्हा तर एकच गाणं आठवड्यातून पाच दिवस कानावर पडू लागलं. वर्षाला अडीचशे वेळा. इतक्या वेळा रेल्वे स्थानकावरची उद्घोषणा ऐकली तर तीही पाठ होते, आणि निवृत्तीनंतर ती ऐकून गळा दाटून येणारे लोकही मी पाहिलेत. तेव्हा ‘जुनं ते सोनं’ हा युक्तिवाद माझा नाही. त्या काळात सुमार शीर्षकगीतंही ढिगानं झाली. सगळीकडे तोच सिंथेसायझर, तीच बासरी, ‘नातं’ आणि ‘वाट’ यांची तीच यमकं. ती विसरली गेली आणि ते ठीकच झालं.

पण मालिका विसरल्यावरही जी उरली, त्यांच्याकडे जरा जवळून बघा.

‘गोट्या’च्या गाण्याकडेच बघू. ना. धों. ताम्हनकरांचं पुस्तक, पोरक्या मुलाची गोष्ट. शीर्षकगीत लिहिलं मधुकर आरकडे यांनी, चाल अशोक पत्की यांची, गायले अरुण इंगळे. या गाण्यात गोट्या कुठेच नाही, त्याचं पोरकेपणही नाही. बी आहे, माती आहे. ओल्या मातीच्या कुशीत बी उगवेल, पण माळावरच्या खडकात पडलेल्या बियाण्यानं रुजायचं कसं, असा एक प्रश्न आहे. बस्स. हे गाणं एखाद्या कुणब्यानं पेरणीच्या वेळी म्हटलं तर त्यात काही खटकणार नाही, आणि मुलाची गोष्ट माहीत असणाऱ्याला मात्र पहिल्याच ओळीत सगळी गोष्ट कळते. दया नाही, हुंदका नाही. म्हणून तर कितीतरी शाळांत ते गाणं मालिकेच्या नावाशिवाय म्हटलं गेलं आणि मुलांनी ते शेतकऱ्याचं गाणं समजून म्हटलं.

किंवा ‘आभाळमाया’. शब्द मंगेश कुळकर्णी यांचे, चाल पुन्हा पत्कींची, आवाज देवकी पंडित यांचा. मालिकेत कुटुंब होतं, फसवणूक होती, दुसरं घर होतं, वर्षानुवर्षं चालणारा मनस्ताप होता. गाण्यात यातलं काही नाही. माणसाचा माणसात जीव कसा अडकतो, एवढंच आहे. कथा कुठे जाणार हे गीतकाराला तेव्हा माहीत असायचं कारण नव्हतं, रोजच्या मालिकेत ते लेखकालाही माहीत नसतं. तरी असं काही लिहायचं, की कथा कुठेही गेली तरी गाणं खोटं पडता कामा नये. ‘वादळवाट’च्या वेळी मंगेश कुळकर्णी आणि पत्की यांनी हेच पुन्हा करून दाखवलं. या मालिकांची नावंही बघा ना, आभाळमाया, वादळवाट. दोन शब्द एकमेकांत गुंफलेले, कोशात न सापडणारे, पण ऐकताक्षणी कळणारे. असा शब्द शेवटच्या ओळीत आणून बसवायचा, आणि तो तिथे पोचेल त्याच क्षणी पडद्यावर मालिकेचं नाव यायला हवं.

हे काम किती अवघड असतं याची कल्पना साध्या ऐकणाऱ्याला येत नाही. भावगीताला मुखडा असतो, दोन-तीन अंतरे असतात. पहिला अंतरा जरा फिका पडला तर दुसऱ्यात सावरता येतं. इथे मिनिट-दीड मिनिट, कधी त्याहूनही कमी. पहिला तुकडा असा हवा, की पलीकडच्या खोलीत भांडी घासणाऱ्या बाईनं तो नळाच्या आवाजातून ओळखून यायला हवं. त्याच चालीचा पुढे पार्श्वसंगीत म्हणून वापर व्हायचा असतो: लग्नाच्या प्रसंगात सनईवर, मरणाच्या प्रसंगात सारंगीवर, गॅलरीत एकट्या उभ्या असलेल्या नायिकेमागे नुसत्या बासरीवर. म्हणजे चाल अशी हवी की जलद केली तर आनंद वाटावा, संथ केली तर दुःख. आणि अडीचशे वेळा ऐकूनही वीट येऊ नये.

अशोक पत्कींना हे का साधलं याचं एक कारण मला त्यांच्या जाहिरातींच्या कामात दिसतं. त्यांनी जिंगल्स केल्या, शेकड्यांनी. मोजक्या सेकंदांत मालाचं नाव कानात रुजवायचं, हा त्यांचा रोजचा रियाज. आपल्याकडे जिंगल म्हटलं की नाकं मुरडतात. पण ज्याला वीस सेकंदांत गोष्ट सांगता येते, त्याला साठ सेकंद म्हणजे ऐसपैस वाडा. ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ची मूळ चालही पत्कींचीच. 15 ऑगस्ट 1988 ला ते पहिल्यांदा लागलं. धबधब्यापाशी उभे भीमसेन जोशी सगळ्यांना आठवतात. शब्द पीयूष पांडे यांचे होते, संगीतसंयोजन लुई बँक्स यांचं, आणि चाल मुंबईतल्या एका मराठी माणसाची, हे किती मराठी घरांत माहीत आहे? पुढे याच माणसाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो ‘अंतर्नाद’ या कोकणी चित्रपटाच्या संगीतासाठी. गोव्यातले लोक ते अभिमानानं सांगतात. आपल्याकडे त्यांच्या चाली सगळ्यांना पाठ आहेत, आणि चेहरा निम्म्यांनाही ओळखता यायचा नाही.

यावर कुणी म्हणेल, गाणं लोकांचं झालं की कर्त्याचं नाव गळून पडतं, ओव्या कुणी लिहिल्या हे कुणाला माहीत आहे? हा मुद्दा मला नेहमी ऐकवला जातो आणि तो मला पटत नाही. जात्यावरच्या ओवीला कर्ता नाही कारण ती पिढ्यान् पिढ्या अनेकींनी घडवली. पण आपल्या परंपरेत जिथे एक कर्ता आहे, तिथे त्याचं नाव टाकून द्यायची पद्धत कधीच नव्हती. उलट आपल्या संतांनी नाव गाण्यातच शिवून टाकलं. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘एका जनार्दनी’. चारशे वर्षं झाली, छापखाना नव्हता, कायदा नव्हता, कुठली श्रेयनामावली नव्हती. तरी अभंग म्हणणाऱ्याला तुकोबांचं नाव घेतल्याशिवाय अभंग पुरा करता येत नाही, कारण ते वगळलं तर वृत्त मोडतं. यापेक्षा पक्की व्यवस्था कोणत्या वकिलानं केली असती?

वेदांचंही तसंच. सूक्त म्हणण्याआधी त्याचा ऋषी, देवता आणि छंद सांगायचा असा पाठ आहे. इथे मला ‘भारत एक खोज’ आठवतं. श्याम बेनेगलांनी 1988 मध्ये केलेली 53 भागांची मालिका, संगीत वनराज भाटिया यांचं. सुरुवातीला ऋग्वेदातलं नासदीय सूक्त, दहाव्या मंडलातलं, आणि मग त्याचं हिंदी. सृष्टीच्या आधी काय होतं, असतही नव्हतं आणि सतही नव्हतं, हा प्रश्न त्या गाण्यानं टीव्हीसमोर मांडी घालून बसलेल्या कोट्यवधी मुलांच्या कानात टाकला. मी त्यांतला एक. शाळेतल्या कुठल्याही पाठानं मला असा घाम फोडला नव्हता. आता गंमत बघा. त्या सूक्ताचा परंपरेनं सांगितलेला ऋषी, प्रजापती परमेष्ठी, कुठल्याही संहितेच्या छापील प्रतीत मिळतो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कवीचं नाव सापडतं. पण ते हिंदी शब्द कुणाचे, हे विचारलं तर मालिकेवर प्रेम करणारेही गप्प होतात. ते वसंत देव यांचे. ‘घाशीराम कोतवाल’ हिंदीत नेणारे, ‘उत्सव’ चित्रपटाची गाणी लिहिणारे आपले वसंत देव. इतकं चोख हिंदी एका मराठी माणसानं लिहिलं, हे मला कळलं तेव्हा मी तिशी ओलांडली होती. सोळाव्या वर्षी कळलं असतं तर मी कदाचित भाषांतर या गोष्टीकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं असतं.

शीर्षकगीतांपासून प्रेरणा घेण्याची भाषा अलीकडे फार चालते. कुणी त्यावर नाच बसवतं, कुणी त्यावरून कादंबरीचं नाव ठेवतं, नवे संगीतकार जुन्या चालीचं नवं रूप काढतात. घ्यावीच. पण ‘किती छान होतं नाही’ म्हणून सुस्कारा टाकणं याला मी प्रेरणा म्हणणार नाही. हे कुणीतरी केलंय, ते करणाराही कुठल्यातरी गावचा माणूस आहे आणि त्याला त्याचे पैसे आणि नाव मिळालंय, हे जेव्हा पोराला कळतं तेव्हा खरी प्रेरणा सुरू होते. मागची भिंत खरी नाही, ती कुणीतरी उभी केलीय. हे वाक्य ऐकल्यावर मी पुढचे कित्येक महिने मालिकेत माणसांऐवजी भिंती बघत होतो. आज पोटापाण्यासाठी जे काम करतो त्याचा उगम कुठेतरी त्या भिंतीत आहे.

आकाशवाणीच्या सकाळच्या धूनचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. ती धून ऐकून मोठ्या झालेल्या पिढीला ती एखाद्या देवळातून आल्यासारखी वाटते, इतकी ती आपली आहे. तिचं कर्तेपण वॉल्टर कॉफमन यांच्याकडे जातं. नाझींच्या काळात युरोप सोडून 1934 मध्ये मुंबईला आलेला हा ज्यू संगीतकार पुढे इथल्याच रेडिओ केंद्रात पाश्चात्त्य संगीत बघू लागला. घर सुटलेल्या माणसानं शिवरंजनीच्या सुरांत आपल्याला आपली सकाळ करून दिली. नाव काढून टाकलं की हा सगळा माणूस पुसला जातो, आणि उरते ती ‘आजीच्या घरातली धून’. आजीचं घर मलाही प्रिय आहे. पण कॉफमनची गोष्ट त्याहून मोठी आहे.

आता सध्याचं. रोजच्या मालिकांत गाणं पूर्ण वाजतं ते सुरुवातीच्या दिवसांत, पुढे त्याचा दहा सेकंदांचा तुकडा उरतो. नावं पळतात, कधी भागाच्या शेवटी, पुढच्या भागाची झलक अर्ध्या पडद्यावर चालू असताना. हे का झालं यात गूढ काही नाही. वाहिनीला तासाला जाहिरातींची ठरलेली मिनिटं आहेत, त्यांचे पैसे येतात. गाण्याचे येत नाहीत, आणि गाणं लागलं की रिमोट हातात असलेला माणूस दुसरीकडे जातो. फिरत्या चॅनेलांच्या काळात दीड मिनिटाचं गाणं म्हणजे गिऱ्हाईकाला उघडून दिलेलं मागचं दार. मग ओटीटी आलं. नेटफ्लिक्सनं 2017 मध्ये ‘स्किप इंट्रो’चं, म्हणजे सुरुवातीचं गाणं ओलांडून जायचं बटण आणलं, आणि पाच वर्षांनी त्यांनीच जाहीर केलं की ते बटण दिवसाला 13 कोटी 60 लाख वेळा दाबलं जातं आणि त्यातून प्रेक्षकांची एकूण 195 वर्षं वाचतात. रोज. या वाचलेल्या 195 वर्षांचं लोक काय करतात, ते कंपनीनं सांगितलेलं नाही. मी तरी पुढचा भाग बघतो.

हो, मीही दाबतो. सलग चार भाग बघताना चौथ्यांदा तेच गाणं कोण ऐकणार? आठवड्यानं भेटणाऱ्या पाहुण्याचं स्वागत दारात होतं, घरातच राहणाऱ्याचं दर वेळी कशाला करायचं? त्यामुळे बटण काढून टाका, गाणी परत दीड मिनिटांची करा, असली मागणी मी करणार नाही. निलेश मोहरीर यांच्यासारख्यांनी नंतरच्या काळातही चांगल्या चाली दिल्याच की. मला गाण्याच्या लांबीशी देणंघेणं नाही. गाणं छोटं झालं त्याबरोबर नावंही गेली, त्याबद्दल बोलायचंय.

कायदा काय म्हणतो ते बघितलं तर अजून मौज आहे. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. त्याच्या 57 व्या कलमानुसार लेखकानं हक्क विकून टाकले तरी ‘हे माझं आहे’ म्हणण्याचा त्याचा अधिकार शाबूत राहतो. 2012 च्या दुरुस्तीनं त्यापुढे जाऊन गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा असा बांधून दिला की तो त्यांना इच्छा असली तरी लिहून देता येत नाही. छान. पण त्याच कायद्याचं 52अ कलम उघडा. ध्वनिमुद्रिकेवर काय काय छापणं बंधनकारक आहे? मुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कमालकाचं नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचं वर्ष. संपलं. ज्यानं लिहिलं त्याचं नाव छापलंच पाहिजे असं तिथे नाही. म्हणजे ‘हे माझं आहे’ असं ओरडायचा हक्क गीतकाराला आहे, पण ते दुसऱ्यानं आपणहून सांगावं अशी सक्ती नाही. माझे आयोजक मित्र कायद्याच्या बरोबर आतल्या बाजूनं उभे होते म्हणायचे.

एका ठिकाणी मात्र कायद्यानं वाट दाखवली आहे. 2012 मध्येच आलेल्या 31ड कलमाखाली रेडिओ किंवा टीव्ही वाहिनी वैधानिक परवान्यावर, म्हणजे हक्कमालकाची संमती न घेता ठरलेली रॉयल्टी भरून, गाणी वाजवत असेल, तर कर्त्यांची आणि मुख्य कलाकारांची नावं प्रसारणाबरोबर सांगावी लागतात. आकाशवाणीला हे सांगावं लागलं नाही, ती कितीतरी आधीपासून ते करत होती. “ऐकू या... यांनी लिहिलेलं, ... यांनी संगीतबद्ध केलेलं गीत, स्वर...” हे वाक्य ऐकत वाढलेल्या माझ्या मावशीला आजही खळे, फडके, माडगूळकर, शांता शेळके चालीवरून आणि शब्दांवरून ओळखता येतात. ती काही संगीत शिकलेली नाही. तिला फक्त चाळीस वर्षं कुणीतरी न कंटाळता नाव सांगत राहिलं. टीव्हीच्या गाण्यांचं तसं झालं नाही. तिथे नाव पडद्यावर होतं आणि गाणं कानात. पडदा बंद झाल्यावर कान तेवढे आपल्याबरोबर राहिले.

म्हणून मला हवंय ते अगदी थोडं आहे. सभागृहात तिकीट लावून ही गाणी गायली जात असतील तर निवेदनात आणि पत्रकात गीतकार, संगीतकार आणि मूळ गायक यांची नावं यावीत, आणि नाट्यगृह भाड्यानं देताना हे कलम करारात असावं. बहुतेक मोठी नाट्यगृहं महापालिकांची आहेत, त्यांना एक ओळ वाढवायला विधानसभेत जावं लागत नाही. वाहिन्या आपल्या जुन्या मालिकांचे भाग इंटरनेटवर चढवतात, तिथे खालच्या मजकुरात कलाकारांची नावं असतात, चॅनेलला सबस्क्राइब करा असं तीनदा लिहिलेलं असतं. त्यातच आणखी तीन नावं बसतील. गाण्यांच्या ॲपवर नावं असलीच तर तीन टिंबांच्या आत कुठेतरी, आणि तीही अनेकदा चुकीची. शब्द ज्याचे त्याच्या जागी गायिका, संगीतकाराच्या जागी कंपनी. हे दुरुस्त करायला कुणाला सांगावं याचा पत्ताही सहज मिळत नाही.

आणि प्रसारभारतीकडे जे आहे ते पुढच्या पिढीला नावांसकट मिळावं. 2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शननं ‘रामायण’, ‘महाभारत’ पुन्हा दाखवलं तेव्हा केवढी गर्दी लोटली ते आपण पाहिलं. मराठीतल्या त्या काळच्या मालिकांचं इतकं नशीब नाही. ज्या आज कुठेच बघायला मिळत नाहीत त्यांची गाणी तेवढी लोकांच्या तोंडी आहेत. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर अलका विभास यांनी मालिकांच्या गाण्यांना वेगळं दालन दिलंय. प्रत्येक गाण्याखाली गीत, संगीत, स्वर, अशी नीट मांडणी. सरकारी खात्यानं करायचं काम घरातल्या टेबलावरून झालं, ही आपल्याकडची जुनीच रीत.

यात एक अडचण खरी आहे आणि ती मी लपवत नाही. काही गाण्यांचे कर्ते आता खरोखरच सापडत नाहीत. पाट्या धूसर आहेत, टेपवरून टेपवर उतरवताना अक्षरं वितळून गेलीत. अशा गाण्याखाली ‘गीतकार: शोध चालू’ असं लिहावं. कोरी जागा दिसली तर कुणाच्या तरी मामाला, कुणाच्या तरी मुलीला आठवेल आणि ती कळवेल. जागाच ठेवली नाही तर कळवणार कुठे?

त्या आयोजकांना मी नंतर पत्र लिहिलं. चार पानी, जरा चिडून. सोबत त्यांच्या पंधराही गाण्यांची, मला खात्रीनं मिळाली तेवढी, गीतकार-संगीतकारांची यादी जोडली. उत्तर आलं नाही. उन्हाळ्यात त्याच कार्यक्रमाचा पुढचा प्रयोग लागला तेव्हा मी पुन्हा तिकीट काढलं, आता पाचशे झालं होतं. पत्रक उघडलं. शेवटच्या पानावर, जेवणाच्या व्यवस्थेवाल्यांच्या खाली, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत सगळी नावं होती. एका आडनावाची मात्र दोन अक्षरं उलटसुलट झाली होती.

दुसऱ्या दिवशी फोन केला आणि चूक सांगितली.

“लिहून घेतो,” ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “तुमचा चौथा फोन आहे सकाळपासून. त्याच आडनावासाठी.”